रत्नागिरीचीं जुनीं साप्ताहिकें : एक अभिप्राय

रत्नागिरीचें ‘सत्यशोधक’ साप्ताहिक १८७१ सालीं निघालें. जोतीराव फुले यांचा सत्यशोधक समाज पुण्यास १८७३ मध्यें स्थापन झाला. तेव्हां केवळ नामसादृश्यावरून हें पत्र समाजाचें मुखपत्र मानणें अयुक्त होय.

याहून मोठा प्रमाद संग्राहकांचा. सावरकर १९२४ ते १९३७ या काळांत रत्नागिरींत स्थानबद्ध होते. त्यांचें नांव असलेला अंक जपावयाचा आणि पाणी, रस्ते, शाळा यांविषयींच्या गाऱ्हाण्यांचा रद्दींत टाकावयाचा, ही निवड इतिहासास घातक आहे. १९३१ सालीं भागोजीशेठ कीर यांनीं पतितपावन मंदिर उभारलें, तें कोणत्या गांवांत, हें त्या ‘क्षुल्लक’ स्तंभांवांचून कसें कळणार? दफ्तराचा एक बंद हरवला तरी आपण हळहळतों; हे अंकहि त्याच मोलाचे आहेत. ते सलग राखावे, ही विनंती.