शेवटच्या पायरीचे भय

अर्थशास्त्रज्ञ इलियाना कुझिएम्को व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला निबंध आमच्या वाचकांनी अवश्य अभ्यासावा. अमेरिकेतील एका प्रयोगात सहभागींना एकेका डॉलरच्या अंतराने क्रम देण्यात आला. प्रत्येकास जादा दोन डॉलर मिळाले. ते लगतच्या वरच्यास वा खालच्यास द्यायचे होते. शेवटून दुसऱ्याचा कल इतरांहून अधिक प्रमाणात वरच्याकडे झुकला. खालच्यास दिल्यास तोच शेवटचा ठरणार होता. किमान वेतनाहून किंचितच अधिक मिळविणारे लोकही त्या वेतनाच्या वाढीस सर्वाधिक विरोध करणारे आढळले.

निरीक्षण मोलाचे आहे. मीमांसा मात्र आम्हांस अपुरी वाटते. हे भय मनात शोधले गेले. पायऱ्या कोणी रचल्या, हा प्रश्न राहून गेला. प्रयोगात तर त्या संशोधकांनीच रचल्या होत्या! बाबासाहेबांनी १९३६ सालीच ‘जातिभेद निर्मूलन’ या ग्रंथात दाखविले होते, की आपल्याखाली कोणी आहे या अभिमानावरच जातींची उतरंड टिकते.

पालि परंपरेत श्रेष्ठ, समान, हीन अशा तिन्ही तुलना ‘मान’ या संयोजनात मोडतात. त्याचा संपूर्ण क्षय अर्हत्पदीच होतो. परंतु विनयाने तोवर वाट पाहिली नाही. चुल्लवग्गात शाक्य कुमार स्वतःचा मान उतरावा म्हणून उपालि न्हाव्यास आधी प्रव्रज्या देण्याची विनंती करतात व मग त्यासच वंदन करतात. तेथे मनाबरोबर क्रमही बदलला.

धम्मदीक्षेनंतरही सोयरिकीच्या वेळी पोटजात विचारणारे आम्ही कोणत्या पायरीस घट्ट धरून आहोत?