पाठमोरा गेमर

गेम खेळणारा माणूस आपल्याकडे नेहमी पाठमोरा दिसतो. बातमीसोबतचा फोटो घ्या किंवा मालिकेतला 'बिघडलेला' मुलगा घ्या. अंधारी खोली, स्क्रीनचा निळा उजेड, कानावर हेडफोन आणि आपल्याकडे पाठ. जेवायला हाक मारत दारात उभ्या राहिलेल्या आईला जे दिसतं तेच. स्क्रीनवर नेमकं काय चाललंय, तिथे आणखी कोण आहे, हे दारातून कळत नाही. मग त्या पाठीवरूनच गोष्ट रचली जाते: एकलकोंडा, आळशी, चिडका, वाया गेलेला.

बेंजामिन री या नॉर्वेजियन दिग्दर्शकाची 'द रिमार्केबल लाइफ ऑफ इबेलिन' ही डॉक्युमेंटरी आधी हीच पाठ दाखवते आणि मग समोर जाऊन चेहरा दाखवते. २०२४च्या जानेवारीत सनडान्स महोत्सवात ती आली, तिथे प्रेक्षकांचं आणि दिग्दर्शनाचं अशी दोन बक्षिसं घेऊन गेली, आणि त्याच वर्षी नेटफ्लिक्सवर आली. मी ती तीनदा पाहिली आहे. ती मला आवडते, आणि काही ठिकाणी तिच्याशी माझं भांडण आहे.

गोष्ट खरी आहे. मॅट्स स्टेन १९८९ साली जन्मला. त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी होती. मुख्यतः मुलग्यांना होणारा हा आनुवंशिक आजार एकेक स्नायू निकामी करत जातो. आधी चालणं गेलं, मग हातांची ताकद. शेवटच्या वर्षांत तो व्हीलचेअरवर बसून, बोटांच्या उरलेल्या हालचालीवर 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळायचा. शेवटच्या दहा वर्षांत त्याने या खेळात १५,००० ते २०,००० तास घालवले. (सवयीने भागाकार केला: रोजचे चार ते साडेपाच तास.) नोव्हेंबर २०१४मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. आईवडिलांना वाटत होतं की आपल्या मुलाला मैत्री, प्रेम, कुणाच्या उपयोगी पडणं यातलं काहीच मिळालं नाही. वडिलांनी त्याच्याच ब्लॉगवर निधनाची बातमी टाकली, खाली आपला ईमेल दिला. आणि ईमेल येऊ लागले. एक, दोन, मग कितीतरी. वेगवेगळ्या देशांतून, अनोळखी माणसांचे. त्यांच्यासाठी तो मॅट्स नव्हता. तो इबेलिन होता, 'स्टारलाइट' नावाच्या गिल्डमधला, म्हणजे खेळातल्या मंडळामधला, एक रुबाबदार गुप्तहेर. अंत्यसंस्काराला त्यांच्यातले काही जण प्रवास करून आले.

री हे सांगतो कसं, ते बघण्यासारखं आहे. सुरुवातीचा मोठा भाग घरच्या व्हिडिओंचा: बाळ, वाढदिवस, सहली, व्हीलचेअर, आणि मग स्क्रीनसमोर बसलेला तरुण. मॅट्सचं आयुष्य इथे एकदा पूर्ण संपतं. नंतर सिनेमा मागे जातो आणि तेच आयुष्य पुन्हा सांगतो, या वेळी खेळाच्या आतून. पहिल्या भागात दिग्दर्शकाने कुणाला खलनायक केलेलं नाही. आईवडील प्रेमळ आहेत, सुशिक्षित आहेत, मुलासाठी सगळं करणारे आहेत, आणि तरीही त्यांना काही दिसलेलं नाही. त्यामुळे 'तुम्हाला काय कळतंय' असा आपला नेहमीचा तरुण तोरा हा सिनेमा आपल्याला वापरू देत नाही.

आता माझ्या धंद्यातला मुद्दा. हा सिनेमा बनू शकला तो लॉगमुळे. स्टारलाइट ही भूमिका वठवत खेळणाऱ्यांची गिल्ड होती. तिथले लोक राक्षस मारण्याइतकाच वेळ टाइप करून बोलण्यात घालवायचे: कोण खानावळीत शिरलं, कोण कुणाकडे बघून हसलं, कोण रागावून निघून गेलं, सगळं शब्दांत. हे शब्द त्यांनी जपून ठेवले होते. त्यांची जवळपास ४२,००० पानं दिग्दर्शकाच्या हाती लागली. आपण लॉग लिहितो ते सर्व्हर कोसळला तर का कोसळला हे कळावं म्हणून. एक माणूस कसा जगला हे त्यातून काढता येईल, असं आमच्या क्षेत्रात कुणी कुणाला शिकवत नाही. त्या पानांमधून इबेलिन रोज खेळात आला की आधी अर्धा तास धावायला जायचा हे कळतं. ज्याचे पाय कधीच गेले होते, त्याची ही सकाळची सवय.

पण ४२,००० पानांमधून शंभर मिनिटांचा सिनेमा काढायचा म्हणजे भरपूर गाळायचं, आणि काय गाळलं हे मला टोचतं. ज्यांनी असले खेळ खेळलेत त्यांना माहीत आहे की त्यातले कित्येक तास रटाळ असतात. तीच तीच मोहीम, तीच वाट, रानडुकरं मारून कातडी गोळा करणं, कुणाची तरी वाट बघत उभं राहणं. मैत्री या रटाळपणातच मुरते. कट्ट्यावर काही घडत नसतं, म्हणून तर कट्टा जमतो. सिनेमात हा रिकामा वेळ जवळजवळ नाहीच. शिवाय खेळातले प्रसंग त्यांनी नव्याने ॲनिमेट केले आहेत: कॅमेरा चेहऱ्याजवळ जातो, पात्रांचे डोळे पाणावतात, प्रकाश सोनेरी होतो. सुंदर आहे, पण त्या काळच्या वॉरक्राफ्टमध्ये पात्रांचे चेहरे असे हलत नव्हते. ठोकळेबाज, जेमतेम भाव असलेल्या बाहुल्यांकडे बघून माणसं रडत होती, ती शब्दांमुळे. खेळ जसा दिसतो तसा दाखवला तर न खेळणाऱ्याला काही वाटणार नाही, अशी भीती दिग्दर्शकाला वाटली असावी. भीती समजण्यासारखी आहे. पण प्रेक्षकाला ठोकळेच दाखवून तिथे पोहोचवता आलं असतं, तर ते जास्त मोठं काम झालं असतं.

दुसरं भांडण अधिक मुळातलं आहे. सिनेमा मॅट्सच्या बाजूने पुरावे मांडतो: एका डच मुलीच्या आईवडिलांनी तिचा कॉम्प्युटर काढून घेतला तेव्हा त्याने त्यांना पत्र लिहिलं, एका आईला तिच्या ऑटिस्टिक मुलापर्यंत पोहोचायची वाट खेळातून दाखवली. हे सगळं हलवून टाकणारं आहे. पण हळूहळू असं वाटायला लागतं की खेळलेल्या तासांची माफी मिळवायची तर पदरात इतकं पुण्य हवं. मरणारा मुलगा, दुर्धर आजार, उद्धारलेली माणसं. मग निरोगी, नोकरदार, कुणाचाही उद्धार न करता फक्त मजा येते म्हणून खेळणाऱ्याचं काय? त्याच्याबद्दलचा समज जागच्या जागी राहतो. उलट माझ्या एका काकांनी सिनेमा पाहून मला सांगितलं, "त्याचं ठीक होतं रे, बिचाऱ्याला दुसरं काही करता येत नव्हतं."

लग्नाच्या बायोडेटात छंदांच्या रकान्यात मी 'गेमिंग' लिहिलं होतं. मावशीने ते खोडून 'वाचन, प्रवास' केलं. "मुलीकडचे दचकतील," म्हणाली. शनिवारी अख्खी रात्र क्रिकेटची मॅच बघणारा स्थळ म्हणून चालतो. त्याच रात्री चार मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळणारा मात्र अजून मोठा झालेला नसतो. पहिला फक्त बघतो आणि दुसरा खेळतो, हा फरक मावशीपुढे मांडला, तर तिने पोह्यांची प्लेट पुढे सरकवली.

मराठीत या समजाला भाषाही मदत करते. 'गेमच्या नादाला लागला' या एका वाक्यात पब्जीही येतं आणि पैसे लावून खेळायची ऑनलाइन रमीही. एकात वेळ जातो, दुसऱ्यात घरातले पैसे जातात. कर्ज काढून रमी खेळणाऱ्याची बातमी वाचून फटका मात्र बारावीतल्या, फुकट शूटर खेळणाऱ्या मुलाला बसतो. २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने तरी पैशांचे खेळ, ई-स्पोर्ट्स आणि साधे सामाजिक खेळ असे कप्पे वेगळे केले. घरातल्या बोलण्यात ते अजून व्हायचे आहेत. त्याआधी मार्च २०१९मध्ये राजकोटमध्ये पोलिसांनी पब्जीवर बंदी घालून खेळणाऱ्या विद्यार्थ्यांना अटक केली होती. सप्टेंबर २०२०मध्ये केंद्राने ११८ ॲप्सबरोबर पब्जी बंद केलं, ते देशाच्या आणि डेटाच्या सुरक्षेचं कारण देऊन. पण माझ्या ओळखीच्या काही घरांत 'आता पोरं सुधारतील' म्हणून आनंद झाला होता.

हिंसेच्या आरोपावर फार वेळ घालवत नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली कॅलिफोर्नियाचा बंदीचा कायदा ७ विरुद्ध २ मतांनी रद्द करताना, समोर ठेवलेले अभ्यास खेळामुळे मुलं आक्रमक होतात हे सिद्ध करत नाहीत असं म्हटलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२०मध्ये आरडाओरडा, धक्काबुक्की अशा आक्रमकतेशी छोटा संबंध मान्य केला, पण प्रत्यक्ष हिंसाचाराशी तो जोडायला पुरेसा आधार नाही असं स्पष्ट केलं. व्यसनाचं मात्र खोटं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९मध्ये मंजूर केलेल्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. त्याची व्याख्या वाचा: खेळावर ताबा न राहणं, बाकी सगळ्याच्या वर खेळ येणं, नुकसान दिसत असूनही चालू ठेवणं, आणि हे साधारण १२ महिने. तिथे तासांचा आकडा नाही. आपल्याकडे निदान घड्याळ बघूनच होतं.

म्हणूनच सिनेमातला मला सर्वांत पटलेला भाग पुण्याईचा नाही. इबेलिन चुकतो तो भाग. तो एकीकडे प्रेमाच्या गोष्टी करतो आणि दुसरीकडे दुसरीशी फ्लर्ट करतो. जवळच्या माणसांना टाकून बोलतो, आणि त्यांच्याकडून चार शब्द ऐकूनही घेतो. कारण त्याच्या आजाराबद्दल त्यांना माहीतच नाही. त्याने ते वर्षानुवर्षं लपवलं. बाहेरच्या जगात त्याच्यावर कुणी रागावणं अवघड होतं. व्हीलचेअरवरच्या माणसाला लोक सांभाळून घेतात, म्हणजेच बरोबरीने भांडत नाहीत. स्टारलाइटमध्ये त्याला हक्काची भांडणं मिळाली. डोळे पाणावलेल्या सोनेरी ॲनिमेशनपेक्षा हे रुसवेफुगवे जास्त सांगतात की ती जागा खरी होती. खोट्या जागेत कुणी इतकं दुखावलं जात नाही.

या लपवण्याची दुसरी बाजू सिनेमाच्या चौकटीबाहेर आहे, पण ती बोलल्याशिवाय गेमरांची वकिली करणं मला अप्रामाणिक वाटतं. मॅट्सने टाइप केलेल्या शब्दांच्या आडोशाला शरीर लपवलं, कारण त्याला बरोबरीने वागवलेलं हवं होतं. आजचे खेळ माइकवर चालतात. तिथे आवाज लपत नाही. आमच्या पाच जणांच्या टीममध्ये दोघं पुण्यात, एक नाशिकला, एक श्टुटगार्टला आणि एक नागपूरची मैत्रीण आहे. आमच्यात निशाणा सर्वांत चांगला तिचा. ती एकटी, अनोळखी लोकांबरोबर खेळते तेव्हा तिचं खेळातलं नाव पुरुषाचं असतं आणि माइक बंद असतो. चालू केला की पहिल्या मिनिटाला 'मुलगी आहे का?', दुसऱ्याला नंबर दे, आणि राउंड हरला की शिव्या. 'गेमर म्हणजे मुलगाच' हा समज घरच्यांचा आहे तितकाच आमच्याच लोकांचा, आणि तो त्यांनी मेहनतीने राखलेला आहे.

शनिवारी आमची पाचांची टीम पूर्ण असली की तिचा माइक चालू असतो. मग नाशिककराच्या वडिलांच्या बायपासपासून श्टुटगार्टमधल्या घरभाड्यापर्यंत सगळं निघतं, आणि अधूनमधून आम्ही राउंडही जिंकतो. आमच्याकडे ४२,००० पानं नाहीत. बोललेलं तिथेच विरून जातं. मागच्या शनिवारी श्टुटगार्टवाला आला नाही, त्याच्या जागी खेळाने एक अनोळखी खेळाडू टीममध्ये टाकला. त्याने "हॅलो" म्हटलं आणि तिच्या नावापुढचं माइकचं चिन्ह विझलं. पुढचा पाऊण तास ती आम्हाला शत्रू कुठे आहे हे टाइप करून सांगत होती.