'रेड क्लिफ'मधून मत्सर वगळला, तेव्हा काय झालं

तर मंडळी, आता जॉन वू यांचा 'रेड क्लिफ'. 2008 आणि 2009 साली आलेले दोन भाग, मिळून जवळपास पाच तास. लढाया भव्य आहेत, त्यावर वेगळं बोलायला नको. आपण कादंबरीतून काय घेतलं आणि काय टाकलं, एवढंच पाहू.

युद्ध इसवी सन 208 च्या हिवाळ्यातलं. त्साओ त्साओचं आरमार यांगत्से नदीवर उतरतं आणि त्याला तोंड द्यायला दक्षिणेतले दोन पक्ष एकत्र येतात. चौदाव्या शतकातल्या लुओ ग्वानचोंगच्या कादंबरीत या दोन पक्षांतले दोन शहाणे, चौ यू आणि चुगे ल्यांग, मित्र नाहीत. चौ यू मत्सराने जळतो. एक लाख बाण करून दे म्हणतो, ते काही बाणांची चणचण आहे म्हणून नव्हे. काम होणार नाही आणि त्या निमित्ताने चुगेचं डोकं उडवता येईल, हा डाव! मग धुक्यात पेंढ्याने भरलेल्या होड्या शत्रूसमोर नेऊन त्याचेच बाण गोळा केले जातात, तेव्हा आपला जीव टांगणीला लागतो.

चित्रपटात होड्या आहेत, धुकं आहे, बाण तर आहेतच. पण इथे दोघे दोस्त. बाण खरोखरच कमी पडलेत, आणि दोघांनी आपापल्या डोक्याची पैज लावलीय. आता सांगा, टोनी लेउंगचा इतका दिलदार चौ यू मित्राचं डोकं उडवेल, असं कुणाला वाटेल? प्रसंग देखणा झालाय, पण त्यातली भीती गेली.

वू यांच्या बाजूनेही बोलायला हवं. तिसऱ्या शतकातल्या चेन शौच्या इतिहासात चौ यू उदार मनाचाच आहे. म्हणजे कादंबरीने त्याच्यावर केलेला अन्याय दूर झाला, हे मान्य. पण पेंढ्याच्या होड्यांचा चुगे मात्र त्या इतिहासात नाही, तो कादंबरीचाच! युक्ती ठेवायची आणि तिच्यामागचं कारण काढायचं, हे आम्हाला पटत नाही.

शेवटीही तेच. कादंबरीत हरलेल्या त्साओ त्साओला ग्वान यू वाट सोडतो. जुन्या उपकाराची फेड म्हणून सोडतो, आणि निघताना त्याने 'सोडलं तर माझं डोकं घ्या' असं लिहून दिलेलं असतं. चित्रपटात चौ यू त्याला सहज जाऊ देतो, आणि त्याबद्दल त्याला कुणी जाब विचारत नाही.