एक टक्क्याचा उतार

हेडलाईटचा झोत वाचायचा तर रस्त्यावर नव्हे, भिंतीवर वाचावा. सपाट जागा, चाकांत नीट हवा, चालकाच्या जागी बसलेला माणूस आणि दिव्यांसमोर दहा मीटरवर भिंत. डिपर लावला की भिंतीवर नुसता उजेडाचा गोळा उमटत नाही. खाली उजेड, वर अंधार आणि दोहोंच्या मध्ये एक स्वच्छ रेघ दिसते. ही रेघ उजवीकडे सरळ आडवी असते. मध्यावर तिला एक कोपर फुटतं आणि तिथून ती डावीकडे तिरकी वर चढते. सगळी कारागिरी त्या कोपरात आहे.

उजवीकडून समोरची गाडी येते, म्हणून तिथे झोत मान खाली घालतो. डावी कड आपली, तिथे तो लांबवर नजर टाकतो. जुन्नर-आंबेगावात ही डावी कड मोकळी कधी असते? रात्रीची वीज आली म्हणून मोटार चालू करायला निघालेला शेतकरी, चाक बसल्याने थांबलेली उसाची ट्रॉली, रस्त्यावर झुकलेला ऊस आणि त्या उसातला बिबट्या, सगळे तिथेच. बिबट्याच्या डोळ्यात प्रकाश माघारी फेकणारा थर असतो, त्यामुळे अंगाच्या आधी त्याचे डोळे चमकतात. पण त्यासाठी झोत त्या उंचीला पोचायला हवा. ते काम चढत्या रेघेचं. इंग्लंडमधली गाडी फ्रान्सला नेताना दिव्यांवर पट्ट्या चिकटवतात, त्या याच कोपरासाठी: तिथे वाहतूक उजवीकडून, आणि हीच चढण समोरच्याच्या डोळ्यांत घुसते.

ही रेघ आखतो कोण? १९७१ साली आलेल्या एच-फोर हॅलोजन बल्बमध्ये दोन तारा असतात. डिपरच्या तारेखाली पत्र्याची एक चिमुकली वाटी असते. ती खाली जाणारा प्रकाश अडवते, आणि भिंतीवरची कड ही मुळात त्या वाटीची कड. त्याच खोबणीत बाजारातला लखलखीत एलईडी बल्ब कोंबला की उजेड वाढल्यासारखा वाटतो, पण रेघ बहुतेक वेळा विस्कटते.

दुसरी खुबी उताराची. बऱ्याच गाड्यांत झोताला साधारण एक टक्का उतार दिलेला असतो. म्हणजे दहा मीटरवरच्या भिंतीवर रेघ दिव्याच्या मध्यापेक्षा दहा सेंटिमीटर खाली हवी. दिवा जमिनीपासून सत्तर सेंटिमीटर उंच असला, तर झोताची ती कड सत्तर मीटरवर रस्त्याला टेकते. दिव्यामागचा पेच फिरवून मेकॅनिक साधतो ते एवढंच.

आता नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरलेली पिकअप घ्या. वीस-वीस किलोचे क्रेट हौद्यात रचत गेलं की मागचे पाटे बसतात आणि गाडीचं नाक वर येतं. पुढच्या-मागच्या चाकांत सुमारे तीन मीटर अंतर. मागची बाजू फक्त तीन सेंटिमीटर दबली की तो एक टक्का संपला. झोत आडवा झाला, तो आता रस्त्याला टेकणारच नाही. पाटे आणखी तीन सेंटिमीटर बसले, तर शंभर मीटरवर ती रेघ एक मीटर सत्तर सेंटिमीटर उंच जाते. समोरून येणाऱ्या मोटारीतल्या माणसाचं डोकं पुरतं उजेडात. पिकअपवाला शपथेवर सांगेल की डिपरच लावलाय, आणि ते खरंही असेल.

या तीन सेंटिमीटरांचा विचार करूनच अनेक गाड्यांत स्टिअरिंगजवळ शून्य ते तीन आकड्यांची चकती दिलेली असते. शून्य म्हणजे चालक एकटा. मागे ओझं वाढेल तसा आकडा वाढवायचा. आकडा वर गेला की झोत खाली येतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १०६ वा नियमही या अंगाने वाचण्यासारखा आहे. खाली वळवलेल्या झोताने कोणाला दिपवू नये? दिव्याच्या आठ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर बाजूला आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचे डोळे आहेत, त्याला. रूक्ष सरकारी वाक्य. पण त्यात मोजपट्टी लावून एक अनोळखी माणूस उभा केलाय. दिवा किती लांबचं दाखवतो हे इथे कोणी विचारत नाही. चांगला दिवा कोणता, हे त्या उजव्या बाजूच्या माणसाच्या डोळ्यांनी ठरतं.

आणि यात निव्वळ परोपकारही नाही. पावसाळ्यात माळशेजच्या धुक्यात अप्पर लावून पाहा: थेंबांवरून उजेड उलट आपल्याच डोळ्यांत येतो आणि रस्ता नाहीसा होतो. खाली धरलेला दिवा तिथे मालकालाच वाट दाखवतो. तेव्हा माल भरून दोरी आवळली की त्याच हाताने ती चकती फिरवावी, आणि चकती नसेल तर हंगामाआधी भरल्या गाडीचा झोत एकदा भिंतीवर पाहून घ्यावा. खर्च नगण्य, आणि परतीच्या वाटेवर त्या आठ मीटरांपलीकडे आपणच असतो.