विद्वत्सभेतील शिष्टाचार आणि चरकाचा संभाषाविधी

विद्वत्सभेतील सभ्यतेविषयी आपल्याकडे जे बोलले जाते, ते बहुधा वाणीच्या मार्दवाविषयी. शब्द सौम्य असावेत, ज्येष्ठांचा मान राखावा, वेळेचे भान असावे, एवढ्यावर ती चर्चा थांबते. परंतु मूळ प्रश्न शब्दांचा नसून हेतूचा आहे, हे चरकसंहितेच्या विमानस्थानातील आठवा अध्याय वाचताना ध्यानात येते. एकाच शास्त्राच्या जाणकारांनी आपसांत करावयाच्या चर्चेला तेथे ‘तद्विद्यसंभाषा’ म्हटले असून तिचे दोन प्रकार सांगितले आहेत : सख्यभावाने होणारी संधायसंभाषा आणि विरोधभावाने होणारी विगृह्यसंभाषा.

पहिल्या प्रकारातील शिष्टाचार मोठा मनोज्ञ आहे. प्रतिपक्षी ज्ञानी, मत्सररहित व न कोपणारा असावा. त्याच्याशी निःशंकपणे बोलावे, निःशंकपणे विचारावे, त्याने विचारल्यास विशद करून सांगावे. पराभवाचे भय धरू नये. जिंकल्यास हर्ष मानू नये, चारचौघांत बढाई मारू नये. येथे प्रश्न विचारण्याची मोकळीक हीच आदराची पहिली खूण मानली आहे, हे विशेष होय.

ह्याच अध्यायात पुढे विगृह्यसंभाषेचे डावपेचही निर्विकारपणे दिले आहेत. ज्याचे अध्ययन तोकडे, त्याला लांबलचक सूत्रपाठाने दडपावे, ज्याला बोलणे साधत नाही, त्याचे वाक्य अर्ध्यावरच खोडून काढावे, भित्र्याला भिववावे. इतकेच नव्हे, तर सभेला आधीच अनुकूल करून घेऊन आपल्या सोयीचा विषय तिच्याकडूनच सुचवून घ्यावा. ग्रंथकाराने ह्या युक्त्यांना विधीचे रूप दिले, हा त्याचा दोष म्हणणे प्राप्त आहे. तथापि त्याचा प्रामाणिकपणाही मान्य केला पाहिजे : जिंकण्यासाठी केलेल्या वादाला त्याने जिंकण्याचाच वाद म्हटले. न्यायसूत्रांनी वाद आणि जल्प ह्यांत केलेला भेदही ह्याच विवेकाचा आहे.

आपल्या चर्चासत्रांत हा विवेक दिसतो काय? निमंत्रणपत्रिकेवर संधाय असते आणि व्यासपीठावर विगृह्य अवतरते. एका चर्चासत्रात आपला पहिलाच निबंध वाचणाऱ्या विद्यार्थिनीला दुसऱ्या परिच्छेदावर अडवून एका ज्येष्ठांनी दहा मिनिटे ग्रंथनामांची यादी ऐकविली. एकही शब्द असभ्य नव्हता. अध्यक्षांनी तर त्यांचे आभारच मानले. अर्धे वाक्य खोडणे आणि पाठांतराने दडपणे, हे चरकोक्त दोन्ही डाव तेथे एकाच वेळी खेळले गेले. तिचा मुद्दा बरोबर होता की चूक, हे सभेला अखेरपर्यंत कळले नाही. आणि प्रस्तुत लेखकही त्या सभेत गप्पच बसला होता.

ह्याच्या उलट टोकाचा दोषही तितकाच घातक आहे. ज्येष्ठांच्या निबंधानंतर केवळ स्तुतीची भाषणे होतात, शंका कोणी काढीत नाही, आणि ह्या मौनालाच आपण आदर समजतो. वस्तुतः ज्याला प्रश्न विचारावयाचा नाही, त्याचे म्हणणे आपण गंभीरपणे घेतलेच नाही, असा त्याचा अर्थ होतो.

तेव्हा सभाशिष्टाचाराची कसोटी साधी आहे. वक्त्याचे वाक्य पुरे होऊ दिले काय? विचारलेला प्रश्न त्याच्या प्रतिपादनाविषयी होता, की स्वतःच्या पांडित्याविषयी? आणि सभा उठली तेव्हा विषय पुढे सरकला होता काय? ह्या कसोटीस उतरलेला कठोर प्रश्नही सभ्यच होय. न उतरलेले गोड भाषण मात्र नव्हे.