धाव, साधना आणि कृपा : 'चॅरियट्स ऑफ फायर' पुन्हा पाहताना

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील दहावीतला एक मुलगा आईसह पडवीत येऊन उभा राहिला. धावण्याच्या जिल्हा संघाची निवड चाचणी रविवारी सकाळी होती. "फादर, शिबिरात तुम्हीच आम्हांला तो सिनेमा दाखवला. आता मी धावू की नको?" मी त्याला जे उत्तर दिले ते धर्मनियमाला धरून होते. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेने रविवारचे कर्तव्य पूर्ण होते. आईचे समाधान झाले. मुलाचे झाले नाही. "मग लिडेलचे काय?" असे त्याने विचारले आणि त्या रात्री मी तो चित्रपट पुन्हा लावला.

सेमिनरीत असताना 'चॅरियट्स ऑफ फायर' मी प्रथम व्हिडिओवर पाहिला. ह्यू हडसन यांनी दिग्दर्शित केलेला हा ब्रिटिश चित्रपट १९८१ सालचा. उत्कृष्ट चित्रपटाच्या पारितोषिकासह चार ऑस्कर त्याला लाभले. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये धावलेल्या दोन तरुणांची ही कथा आहे. केंब्रिजचा विद्यार्थी हॅरल्ड एब्राहम्स हा ज्यू. भोवतालच्या सभ्य तिरस्काराला तो आपल्या पायांनी उत्तर देऊ पाहतो. एरिक लिडेल हा चीनमध्ये जन्मलेला, स्कॉटिश मिशनऱ्याचा मुलगा. शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी येते म्हणून तो ती शर्यत नाकारतो आणि पुढे चारशे मीटरचे सुवर्णपदक मिळवितो. समुद्रकिनाऱ्यावरून अनवाणी धावणारे ते तरुण आणि व्हँगेलिसचे संगीत ज्याने एकदा अनुभवले, तो ते विसरत नाही.

या चित्रपटात एक प्रसंग आहे. टेकडीवर लिडेल आपल्या बहिणीला समजावतो की, देवाने मला वेगवान घडविले आहे आणि धावताना त्याची प्रसन्नता मला जाणवते. अनेक वर्षे मी हा विचार "लिडेल म्हणतो" असे सांगून प्रवचनांत वापरला. पुढे लिडेलविषयी वाचताना समजले की ते शब्द पटकथाकार कॉलिन वेलंड यांचे आहेत. बहिणीचा विरोधही पटकथेतलाच. कलावंताला एवढे स्वातंत्र्य असतेच, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु वेदीवरून बोलणाऱ्याला ते नसते, आणि माझी चूक मी येथे नमूद करून ठेवतो.

चित्रपटाविषयीचा माझा खरा आक्षेप वेगळा आहे, आणि तो तपशिलाच्या चुकीपेक्षा खोल जातो. कथाकाराने दोन धावपटूंमध्ये एक वाटणी केली आहे. कष्ट सारे एब्राहम्सच्या वाट्याला आणि कृपा सारी लिडेलच्या. एब्राहम्स सॅम मुसाबिनी या व्यावसायिक प्रशिक्षकाला गाठतो, आपले पाऊल कोठे लांब पडते ते तपासतो, एकेका क्षणासाठी झिजतो. लिडेल मात्र मान मागे टाकून, तोंड उघडे ठेवून धावतो आणि जणू वारा त्याला उचलून नेतो. त्याची ती वेडीवाकडी शैली खरीच होती. पण त्यालाही टॉम मॅककर्चर नावाचा प्रशिक्षक होता आणि त्याच्या हाताखाली त्यानेही घाम गाळला होता. पडद्यावर त्या घामाचे मोल फारसे दिसत नाही.

त्याहून मोठा बदल शर्यत नाकारण्याच्या प्रसंगात आहे. चित्रपटात लिडेल फ्रान्सला जाणाऱ्या बोटीवर चढत असताना त्याला रविवारची बातमी कळते. मग राजपुत्रासमोरची बाणेदार भेट आणि एका उमरावाने त्याला देऊ केलेली चारशे मीटरची जागा. नाट्य म्हणून हे उत्तम जमले आहे. प्रत्यक्षात वेळापत्रक त्याला काही महिने आधीच ठाऊक होते. त्याने नकार शांतपणे कळविला, रविवारी येणाऱ्या रिले शर्यतीही सोडल्या आणि चारशे मीटरसाठी निराळी तयारी सुरू केली. ११ जुलै १९२४ रोजी त्याने ती शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. शंभर मीटरला लागतो तो वेग, चारशे मीटरला लागतो तो दम. स्वतःच्या देहाला नव्याने वळण लावण्याचे ते महिने चित्रपटाने गाळले. माझ्या मते खरी श्रद्धाकथा त्या महिन्यांतच होती.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा नववा अध्याय आपण सर्व जण जाणतो. करिंथजवळच इस्थमियन क्रीडा दर दोन वर्षांनी भरत, तेव्हा शर्यतीचे रूपक त्याच्या वाचकांना नवे नव्हते. विजेत्याला पानांचा मुगुट मिळे आणि तो सुके. आपण प्रवचनकार या उताऱ्यातून बहुधा बक्षीस उचलतो. पौलाचा भर मात्र खेळाडूच्या संयमावर, आपल्या देहाला ताब्यात ठेवण्यावर आहे. शिवाय त्याला एक भीती आहे. इतरांना घोषणा करून सांगितल्यावर आपणच बाद ठरू नये, ही ती भीती. 'घोषणा करणे' यासाठी त्याने योजलेले ग्रीक क्रियापद क्रीडांगणावरील भालदाराशी नाते सांगते. सेमिनरीत शिकताना हे मी टिपणवहीत उतरवून घेतले होते. ते मला उद्देशून आहे हे कळायला बरीच वर्षे गेली.

पौलाच्या कसोटीने पाहू गेल्यास या चित्रपटात त्याचा धावपटू लिडेलपेक्षा एब्राहम्सच अधिक वाटतो! आपल्या प्रवचनांत एब्राहम्सला 'स्वतःसाठी धावणारा' म्हणून उगाच खाली बसविले जाते. (हा एब्राहम्स १९३४ साली कॅथलिक झाला, ही गोष्ट चित्रपट सांगत नाही. त्याच्या स्मृत्यर्थ झालेल्या प्रार्थनेने मात्र चित्रपट सुरू होतो.) कृपा निसर्गाला मोडीत काढीत नाही, ती त्याला पूर्णत्व देते, असे संत थॉमस अक्वायनस शिकवितात. चित्रपट नकळत याच्या उलट सुचवितो. कृपा असली की सराव नको आणि सराव करणाऱ्याजवळ कृपा नाही, असे काहीसे. आपल्या घरांतही ही वाटणी चालते. मुलाच्या अभ्यासाला शिस्त लागते, क्लास लागतो, पहाटेचा गजर लागतो. प्रार्थना मात्र 'मनातून आली पाहिजे' म्हणून आपण थांबून राहतो.

पॅरिसनंतरचा लिडेल चित्रपटात शेवटच्या एका मजकुरापुरता उरतो. १९२५ साली तो चीनला परतला आणि तिएन्त्सिनच्या महाविद्यालयात शिकवू लागला. १९४१ मध्ये युद्धाची चिन्हे दिसताच गरोदर पत्नीला आणि दोन मुलींना त्याने कॅनडाला पाठविले. तिसरी मुलगी त्याने कधी पाहिली नाही. १९४३ मध्ये जपान्यांनी त्याला वेइशिएनच्या छावणीत डांबले. आपल्या वाचकांना हेही सांगितले पाहिजे की त्या छावणीत आरंभी शेकडो कॅथलिक धर्मगुरू व धर्मभगिनी होत्या. फादर स्कॅनलन हे ट्रॅपिस्ट संन्यासी भिंतीपलीकडच्या शेतकऱ्यांकडून चोरून अंडी आणवीत. पकडले गेल्यावर त्यांना एकांतवासाची शिक्षा झाली. मौनव्रती संन्याशाला एकांतवास, या विनोदावर सारी छावणी हसली!

लिडेल तेथे मुलांना विज्ञान शिकवी, त्यांचे खेळ घेई. रविवारी मात्र खेळ नाही, हा त्याचा जुना नेम कायम होता. एका रविवारी मुलांनी आपापसांत हॉकीचा सामना मांडला. पंच नसल्याने त्याचे भांडणात पर्यवसान झाले. पुढच्या रविवारी लिडेल मुकाट्याने पंच म्हणून मैदानात उभा राहिला. सुवर्णपदकासाठी जो रविवार त्याने दिला नाही, तो त्याने भांडणाऱ्या मुलांना दिला. नेम मोडला असे मला वाटत नाही. इतक्या वर्षांच्या नेमानेच त्याला हे ओळखण्याचे बळ दिले असावे. संत जॉन पॉल दुसरे यांनी २९ ऑक्टोबर २००० रोजी, रविवारीच, रोमच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये खेळाडूंसाठी मिस्सा अर्पण केली, त्याचीही येथे आठवण होते.

हा हॉकीचा प्रसंग त्या मुलाला मी सांगितला. शनिवारी सायंकाळच्या मिस्सेला तो पुढच्या बाकावर होता. निवड झाली नाही. पुन्हा पहाटे धावताना दिसतो.

लिडेलच्या जोड्यांची गोष्ट मी त्याला अजून सांगितलेली नाही. छावणीतला शेवटचा हिवाळा कडक होता. स्टीफन मेटकाफ या किशोराच्या पायांत धड काही नव्हते. लिडेलने आपले झिजलेले, दोऱ्याने सांधलेले धावण्याचे जोडे त्याला देऊन टाकले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत, २१ फेब्रुवारी १९४५ रोजी, मेंदूतील गाठीने लिडेलचा अंत झाला. शत्रूसाठी प्रार्थना करावी हेही त्यानेच मेटकाफला शिकविले होते. युद्धानंतर मेटकाफ मिशनरी झाला आणि जपानला गेला.