'माय फेअर लेडी'त आवाज कुणाचा?

सिनेमावर संशोधन करायचं ठरवलं की पहिल्या मसुद्यात हमखास एक वाक्य येतं: 'चित्रपट भव्य आहे, पण आत्मा हरवला आहे.' तुमच्याही मसुद्यात ते असेल तर खोडा. आत्मा हरवला की नाही, हे तपासायचं कसं? उणीव अशी मांडा की वाचणाऱ्याला ती स्वतः पडताळता येईल.

'माय फेअर लेडी' (१९६४) घ्या. सुमारे १ कोटी ७० लाख डॉलर खर्च, सेसिल बीटनचे डोळे दिपवणारे पोशाख, ८ ऑस्कर. गोष्ट काय, तर फुलं विकणाऱ्या एलायझाची बोली उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हिगिन्स पैजेवर बदलून दाखवतो. म्हणजे सगळा खेळ आवाजाचा.

आता नोंदी बघा. हिगिन्स झालेल्या रेक्स हॅरिसनची गाणी टायमध्ये बिनतारी माइक लपवून सेटवरच मुद्रित केली. ऑड्री हेपबर्ननेही गाणी गायली होती. पण तिचा आवाज बहुतेक ठिकाणी काढून मार्नी निक्सनचा घातला. श्रेयनामावलीत निक्सनचं नाव नाही.

तुम्ही म्हणाल, पार्श्वगायन तर आपल्याकडे रोजचंच! आक्षेप रास्त आहे. पण आपल्याकडे सहसा नायक-नायिका दोघंही उसन्या आवाजात गातात, आणि प्रेक्षकाला ते ठाऊक असतं. इथे त्याचा आवाज जपला, तिचा बदलला. 'जस्ट यू वेट' नीट ऐका. सुरुवातीला चिडलेल्या हेपबर्नचा खरखरीत आवाज आहे. मध्येच तो गुळगुळीत होतो. हिगिन्सची शिकवणी अजून फळलेली नसताना एलायझा गाण्यात सुधारलेली! पुढे तिचं खरोखरचं बदलणं मग फिकं पडतं. जी गोष्ट कथेचा कणा आहे, तीच ऐकू येत नाही. सेटवर कितीही पैसा ओता, ती भरून निघत नाही.

तुलना हवी असेल तर पु. लं.ची 'ती फुलराणी' आहेच. मूळ तेच, शॉचं 'पिग्मॅलियन'. पण रंगमंचावर मंजुळेचं बदलणं एकाच नटीच्या गळ्यातून यावं लागतं.

एक सावधगिरी बाळगा. या पुराव्यावरून परिणाम दाखवता येतो, स्टुडिओचा हेतू नाही. 'त्यांना बाईचा आवाज दाबायचाच होता' असं लिहायचं असेल, तर पत्रव्यवहार, करारपत्रं असा वेगळा पुरावा शोधावा लागेल. तो मिळेपर्यंत जेवढं ऐकू येतं तेवढंच लिहा. तेवढंही पुरेसं बोलकं आहे.